पडवीत चार मशिनी, पाण्यात एकही नाही

या आठवड्याचं पत्र चिकोडी तालुक्यातून, दूधगंगेकाठच्या एका गावातून आलंय. नावगाव काढून थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं वय ४४, पतसंस्थेत नोकरी, घरी बायको, दोन मुलं आणि आई. गावात पूल नव्हता तेव्हा यांचे काका नाव चालवायचे, पाणी वाढलं की गुऱ्हाळाच्या काहिलीत माणसं बसवून पलीकडं न्यायचे, ते बघत हे मोठे झाले. चार वर्षांपूर्वी गोव्याला लग्नाला गेले तेव्हा भंगारात बोटीच्या मागं लावायचं जुनं मशीन म्हणजे आउटबोर्ड मोटर दिसली, ती डिकीत घालून घरी आणली. आता पडवीत चार आहेत. दोन यामाहा, एक जॉन्सन, एक ब्रिटिश सीगल. आजवर ८६ हजार रुपये गेलेत (हा आकडा बायकोच्या वहीतला, यांनी कधी बेरीज केलेली नाही). एक यामाहा दोनदा फुरफुर करून बंद पडली, बाकी तीन गपगार. घरी यांनी सांगितलंय की २०१९ ला आणि २०२१ ला पुरात गावाचे किती हाल झाले, पुढच्या वेळी आपली बोट तयार असेल. मित्रांना सांगितलंय की रिटायर झाल्यावर याचाच धंदा टाकणार. गेल्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, चार वर्षं झाली, एक तरी पाण्यात उतरली काय? पोरं झोपतात तिथंपर्यंत पेट्रोलचा वास येतोय." थोरला भाऊ म्हणतो किलोवर घाला. यांचा प्रश्न असा की सगळं विकून मोकळं व्हावं, का आत्तापासूनच धंदा चालू करावा, का पंचायतीला पुरासाठी देऊन टाकावं. शेवटी लिहिलंय, "माझ्या नादापायी घर बिघडतंय असं वाटायला लागलंय."

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मशिनींसाठी वाचलं, खोटं कशाला सांगू, सीगल हा शब्द आला आणि बाकीचं पत्र माझ्या डोळ्यापुढून तसंच सरकलं. मग दुसऱ्यांदा तुमच्यासाठी वाचलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर आणि नंतर टूलरूमला माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली बरीच वर्षं मीही घरात कुणीतरी फेकून दिलेलं काहीतरी आणून उघडून ठेवायचो, त्यामुळं तुमच्या पडवीचा वास मला इथं बसून येतोय. तुमच्या मिसेसना येतोय तोच.

आधी एक गोष्ट विचारतो. तुम्ही तीन रस्ते लिहिलेत, विकू, धंदा करू, पंचायतीला देऊ. या तिन्हीत "ठेवतो, कारण मला हे करायला आवडतं" हा रस्ता कुठंच नाही. का नाही? आपल्याकडं कुणी शर्यतीची बैलं पाळतो, कुणी कबुतरं, कुणी दाराला सत्तरातली येझदी पुसून उभी करतो आणि रविवारी फक्त चौकापर्यंत जाऊन येतो, त्यांना कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय. तुम्हालाही पत्रात कुणी विचारलेलं नाही बघा. बायकोनं विचारलंय की उतरली काय आणि वास का येतोय. उपयोग काय हे तुम्हीच तुम्हाला विचारलंय आणि त्याची दोन उत्तरं पण तयार करून ठेवलीत, एक घरासाठी, एक मित्रांसाठी. मला वाटतं घोळ ८६ हजाराचा कमी आणि या दोन उत्तरांचा जास्त आहे, कारण दोन्ही उत्तरं खरी नाहीत. एकेक बघू.

पुराचं आधी, कारण ते जास्त गंभीर आहे.

पुराची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं आणि पुणे-बेंगलोर रस्ता बंद पडला, हे तुमच्याकडच्या सगळ्यांनी दोन्ही वेळेला बघितलंय. काकांची काहील तुमच्या डोक्यात आहे आणि आपणही असं काहीतरी करावं असं वाटणं साहजिक आहे. पण दादा, पुराच्या पाण्यात माणसं बसवायला जुनं, आपण घरात जोडलेलं मशीन वापरायचं नाही. म्हणजे नाहीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलीकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि लोक गेले, ते आठवा. पुराचं पाणी म्हणजे नुसतं खोल पाणी नसतं, त्याला ओढ असते, त्यात ऊस, कडबा, जलपर्णी, तारेचं कुंपण, काय काय वाहत येतं. मशीनच्या खालच्या पायाला पाणी ओढायची बारीक जाळी असते, तिच्यात पाला बसला की इंजिन गरम होऊन जाम होतं. गढूळ पाण्यातली वाळू पंपाचं रबर खाते. आणि तुमची ही लहान मशिनं शांत पाण्यात होडी ढकलायला बनलेली, पुराच्या ओढीच्या विरुद्ध ती जागची हलणार नाहीत, पुढं जाणं लांबच. सीगलच्या तर जुन्या मॉडेलांत बऱ्याच वेळा न्यूट्रलच नसतो, दोरी गुंडाळून ओढली आणि इंजिन लागलं की पंखा फिरायला लागतो, बोट निघालीच. हे तळ्यात मजेचं आहे, पण छपरावरून म्हातारीला उतरवून घेताना?

बचावाच्या पथकांकडं चांगलं नवं मशीन असतं, सोबत जास्तीचं असतं, आणि मुख्य म्हणजे रोज तेच काम करणारी माणसं असतात. तुम्ही मशीन पंचायतीला दिलं तर ते गोडाऊनमध्ये पडेल, त्यात जुनं पेट्रोल वाळून डिंक होईल, आणि नेमकं पुराच्या रात्री कुणीतरी उत्साही पोरगं ते बाहेर काढेल. देऊ नका. गावासाठी काही करायचंच असेल तर लाइफ जॅकेटं घेऊन द्या, चांगल्या शिक्क्याची. आणि घरी एकदा स्पष्ट सांगून टाका की हे पुरासाठी नाही. मिसेसना ते आधीच माहीत असणार, पण तुमच्या तोंडून ऐकलं की फरक पडेल.

आता धंदा. हा विचार मी पण केला होता, म्हणून जरा तिखट बोलतो. आपल्या भागात याला गिऱ्हाईक कोण? हिडकल धरणाच्या पाण्यात किंवा कृष्णेला किती इंजिनच्या होड्या आहेत ते मोजा. गिऱ्हाईक आहे ते गोव्याला, कारवारला, मालवण-वेंगुर्ल्याला, आणि तो मासेवाला माणूस आहे. त्याला मशीन उद्या पहाटे पाहिजे. तुम्हाला रविवार दुपार पाहिजे, चहा पाहिजे, कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) उजेडात धरून बघत बसायला अर्धा तास पाहिजे. ही दोन कामं बाहेरून सारखी दिसतात, पण रिपेरी वेगळी आणि जुनं जिवंत करणं वेगळं. रिपेरीवाल्याकडं दिवसाला तीन मशिनं निघतात, तुमच्याकडं चार वर्षांत एक दोनदा फुरफुरलं. हे टोमणा म्हणून नाही सांगत, तुमचा वेग शौकाचा आहे आणि तो तसाच असायला पाहिजे, धंदा केला तर पहिल्या वर्षीच हे काम तुम्हाला नकोसं होईल. रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत, तेव्हाचं तेव्हा.

राहिलं विकणं. सगळं विकलं तर महिनाभर बरं वाटेल, मग परत गोव्याला कुणाचं तरी लग्न निघेल.

तर माझं म्हणणं असं की चारही ठेवायची नाहीत, चारही विकायची नाहीत. एक पूर्ण करायचं. तुम्ही चार मशिनं थोडी थोडी उघडून ठेवलीत, म्हणून चारही मेल्यासारखी दिसतात, आणि ८६ हजार जास्त वाटतात कारण दाखवायला काहीच नाही. फुरफुरलेली यामाहा घ्या, कारण तिचे पार्ट अजून किनाऱ्यावर मिळतात, दुसरी यामाहा त्याच मॉडेलची असेल तर ती पार्टसाठी खोलायला ठेवा (मॉडेल वेगळं असेल तर विका, मोह नको). जॉन्सन गोव्यातल्या कुणा शौकिनाला जाईल, घाई करू नका. सीगल तशीच पोत्यात गुंडाळून ठेवा, तिला हात लावायला तुमचा हात अजून बसायचाय, आणि तिची पितळी टाकी चकाचक करायच्या नादात तर अजिबात पडू नका. पाचवं मशीन बंद, किती पण स्वस्त मिळू दे. आणि महिन्याला एक रक्कम ठरवा, समजा दीड हजार, ती मिसेसच्या वहीत आधी लिहायची आणि मग खर्च करायची.

पेट्रोलचं मात्र आजच बघा, रविवारची वाट बघू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, फरशीलगत सरकत सरकत उंबरा ओलांडून आत जाते, आणि आत समई असते, गॅसची शेगडी असते, गीझर असतो. पोरांना वास येतोय म्हणजे वाफ तिथंपर्यंत पोचलीय. तुम्ही हे पत्रात "बायकोला आवडत नाही" या हिशोबात लिहिलंय. ती आवडीबद्दल बोलतच नाहीये हो, ती आगीबद्दल बोलतेय. पेट्रोल घराबाहेर, गोठ्याच्या मागं सावलीला, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, एक-दोन लिटरच्या वर नको. बिसलेरीच्या बाटलीत तर बिलकुल नको, तहानलेलं पोरगं बाटली बघून तोंडाला लावतं. मशिनींच्या टाक्या आणि कार्बोरेटर रिकामे करून मगच पडवीत ठेवा.

आता कामाचं. हे जरा लांबेल, पण दर दोन-तीन महिन्याला कुणीतरी जुन्या इंजिनाबद्दल लिहितंच, त्यांच्या पण उपयोगाला येईल.

तुमच्या पत्रावरून दिसतंय की सुरुवात तुम्ही कार्बोरेटरपासून केलीत, मग रंग काढला, मग कॉइल बदललं, मग परत कार्बोरेटर. सगळे असंच करतात. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब धरतो ते बघायचं, कारण ते नसेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात, आणि तो पण मशीन पाण्यात न उतरता. निपाणीत किंवा चिकोडीत कुठलाही जुना टू-स्ट्रोकवाला मेस्त्री शोधा, आरएक्स १०० आणि येझदीवर हात बसलेला. आउटबोर्ड म्हणजे आडवं पाडलेलं बाइकचंच इंजिन आहे, फक्त गार करायला वारा नाही, पाणी. मेस्त्रीकडं दाब मोजायचा गेज असतो. प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाच वेळा जोरात ओढायची. साधारण ९० ते १२० पीएसआयच्या आसपास आलं तर जीव आहे, दोन सिलिंडर असतील तर दोघांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. माझ्या मेस्त्रींना मी पहिल्यांदा आउटबोर्ड दाखवलं तेव्हा मला वाटलं हसतील, तर ते म्हणाले "इरली बिडी (असू द्या) सर, ठेवून जावा", आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी दुकानाचं सगळं काम सोडून तेच उघडलं होतं. अशा माणसाला पैशापेक्षा मशीन दाखवणं जास्त आवडतं, तुम्ही जाऊन तर बघा.

त्यानंतर करंट. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून बघितलं की थोडी ठिणगी दिसते आणि आपण खूश होतो, पण दाबाखाली तीच ठिणगी मरते. मोकळ्या हवेत पाच-सहा मिलिमीटर उडी मारणारी निळी ठिणगी पाहिजे. जुन्या जॉन्सनला पॉइंट असतात, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या पॉइंटवर एक पांढुरकी साय धरते, ती बारीक कागदानं पुसली की मेलेलं मशीन कधी कधी लगेच उठतं. पॉइंटपर्यंत पोचायला फ्लायव्हील (वरचं जड चाक) काढावं लागतं, तिथं हातोडा घेऊ नका, पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) वापरा, नसला तर मेस्त्रीकडून करून घ्या.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात, आणि खूप जुन्या कार्बोरेटरात बुचाच्या लाकडाचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा तुकडा) असतो, त्यावर लाखेचा थर असतो, इथेनॉलमध्ये लाख विरघळते. फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो, बुडतो, आणि मशीन ओव्हरफ्लो. तुम्हाला वाटतं पेट्रोल अडवणारी सुई खराब आहे, सुई बदलता, परत तेच. नळ्या नव्या घाला, आणि काम झालं की कार्बोरेटर कोरडा करून ठेवा, कारण हे पेट्रोल हवेतलं पाणी पण ओढून घेतं. जेट साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार घ्या, स्टीलची पिन घातली की भोक मोठं झालं म्हणून समजा. तुमची यामाहा फुरफुरून बंद पडते, त्याचं निम्मं कारण मला इथंच वाटतंय. निम्मं क्रँकच्या ऑइल सीलात असेल, टू-स्ट्रोकला सील गेलं की खालून हवा शिरते. सीलं तुम्ही गोव्यातून मागवत होता असं लिहिलंय, गरज नाही, जुन्या सीलवर माप असतं, आतलं, बाहेरचं आणि जाडी, ते घेऊन बेअरिंगच्या दुकानात जावा. बेअरिंगचं पण तसंच, नंबर सांगायचा. पॅकिंग शीट आणून गॅस्केट घरी कापा. मूळ कंपनीचाच पाहिजे असा एक पार्ट म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, तिथं काटकसर करू नका.

हा इम्पेलर म्हणजे काय ते दाखवायला पाहिजे, कारण सगळं मशीन याच्यावर उभं असतं आणि तो डोळ्याला दिसत नाही. खालचा पाय चार-पाच बोल्ट काढून उतरवला की वर एक प्लास्टिकचा किंवा धातूचा डबा असतो, त्यात काळ्या रबराचं एक फूल. पाकळ्या सरळ असतात, पण डब्यात बसवताना त्या एका बाजूला वाकून बसतात, आणि मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की तशाच वाकलेल्या वाळतात. बाहेर काढून बोटानं सरळ केली तर पाकळी परत वाकते, किंवा बुडाशी चीर दिसते, म्हणजे संपला. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, आणि मशीन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला शाफ्ट फिरवत फिरवत डबा खाली दाबा म्हणजे पाकळ्या बरोबर झोपतात. खालची छोटी चावी, म्हणजे इम्पेलर शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा, हरवू नका. माझी हरवली होती, दोन तास फरशीवर चुंबक फिरवत होतो, ती ग्रीसला चिकटून माझ्याच बाहीवर होती.

गिअर ऑइल बघताना खालचा स्क्रू आधी आणि मग वरचा काढायचा. ऑइल काळं आलं तर हरकत नाही, दुधाच्या चहासारखं आलं तर खालून पाणी शिरतंय, सील बदला. नवं ऑइल खालच्या भोकातूनच भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं, नाहीतर आत हवा राहते.

टू-स्ट्रोक ऑइलचं पण एक. बाइकचं टू-टी घालू नका, पाण्यानं गार होणाऱ्या मशीनचं वेगळं येतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. पेट्रोलला ऑइल किती ते मॉडेलप्रमाणं, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४०, आणि जुन्या सीगलला १० ला १, म्हणजे लिटरला तब्बल १०० मिली, ती चालली की डासांचा धूर केल्यासारखं होतं.

आणि माझी फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कारवारकडं एका मित्राच्या होडीला मी माझं जुनं मशीन लावलं होतं, काळी नदीत. प्रोपेलरमध्ये एक पिन असते, शिअर पिन, मुद्दाम मऊ धातूची, पंखा दगडाला लागला की ती तुटावी आणि आतले गिअर वाचावेत म्हणून. माझी दोनदा तुटली. मी टूलरूमचा माणूस, मला वाटलं काय भंगार पिन देतात हे लोक, बेळगावला आलो, इएन ८ ची, म्हणजे कडक पोलादाची, झकास पिन टर्न केली, साइज मायक्रोमीटरला बरोबर. पुढच्या वेळी पंखा दगडाला लागला, पिनीला ओरखडा पण नाही, गिअरचे तीन दात मात्र गेले. ते गिअर परत कुठंच मिळाले नाहीत. ती पिन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, एकदम सरळ.

पाण्याशिवाय मशीन चालू करून बघायची खुमखुमी येते, ती आवरा, अर्ध्या मिनिटात इम्पेलर जळतो. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, एका कडेला जाड फळी बोल्टनं आवळा, तिच्यावर मशीन अडकवा, पाणी पंपाच्या वर येईल इतकं भरा. प्रोपेलर काढून ठेवा, आणि न्यूट्रल आहे का ते बघा. पडवीत नाही, अंगणात, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाला पण कळत नाही. मागच्या बाजूला बारीक छिद्र असतं, मशीन लागल्यावर थोड्या वेळात तिथून पाण्याची धार यायला पाहिजे. नाही आली तर लगेच बंद.

पुढं होडी घेऊन पाण्यात जायचंच ठरवलं तर इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते, २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे, आणि धरणाच्या पाण्यात पाटबंधारे खात्याची परवानगी. आधी जाऊन विचारा, मग होडी घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे कारवार-गोव्याला कुणा ओळखीच्या होडीवाल्याच्या होडीला दिवसभर लावून बघणं, लाइफ जॅकेट घालून, आणि सोबत वल्ही घेऊनच.

बाकीच्या वाचकांसाठी एक, विशेषतः नदीकाठच्या. पुरात इंजिन बुडालं, आउटबोर्डच असं नाही, बाइक, फवारणीचा पंप, काही पण, तर पाण्यातून काढल्या काढल्या काम धरायला जमणार असेल तरच काढा. पाण्यात गंज हळू धरतो, बाहेर काढून हवा लागली की तासाभरात धरतो. त्या दिवशी जमणार नसेल तर स्वच्छ पाण्याच्या टाकीत बुडवूनच ठेवा. मग प्लग काढायचा, आतलं पाणी उलटं करून काढायचं, डिझेल आणि ऑइल मिसळून ओतायचं, हातानं फिरवायचं. जाम असेल तर दोन-चार दिवस तसंच मुरू द्या. लिव्हर लावून जोर करू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता परत तुमच्या घराकडं येतो दादा. हे मशीन ज्यानं धंद्यात यशस्वी करून दाखवलं त्या ओले एव्हिनरूडची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनला असायचा, मूळचा नॉर्वेचा. सांगतात की तळ्याच्या पलीकडून बेस नावाच्या मुलीसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, तिथून त्याच्या डोक्यात हे इंजिन आलं. आइस्क्रीमचं किती खरं ते सोडा. पण पुढं ती बेस त्याची बायको झाली, १९०९ ला मशीन बाजारात आलं तेव्हा हिशोब आणि पत्रव्यवहार तिच्याकडं होता, वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात पण तिनंच लिहिली. काही वर्षांनी तिची तब्येत बिघडली तर त्यानं कंपनीतला आपला वाटा विकला आणि तिला घेऊन फिरायला निघून गेला. त्याच्या नावाची मशिनं २०२० पर्यंत निघत होती.

तुमच्या घरी पण हिशोबाची वही एका माणसाकडं आहे. चार वर्षं ती प्रत्येक स्पार्क प्लग, प्रत्येक ऑइलचा डबा लिहून ठेवतेय, आणि तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख तक्रार म्हणून केलाय. तुम्ही ती वही एकदा मागून बघा, कुठलं मशीन, काय पार्ट, किती तारखेला, हे तुमच्यापेक्षा तिच्याकडं नीट असणार, आणि चार मशिनींचं कुठलं सामान कुणाचं हे शोधताना तुम्हाला तीच लागणार. वही मागताना "पुरासाठी" आणि "धंद्यासाठी" हे दोन शब्द घेऊ नका. "मला आवडतंय, एकच पूर्ण करतो, महिन्याला दीड हजार, पेट्रोल आजपासून बाहेर" एवढंच. ती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, मी तिला ओळखत नाही, तुमच्याच पत्रातलं तिचं एक वाक्य वाचलंय. पण त्या वाक्यात तिनं "विका" असं म्हटलेलं नाही, ते भावानं म्हटलंय. तिनं विचारलंय, उतरली काय.

एक अडचण मात्र येणार ती आत्ताच सांगतो. अंगणात ड्रम मांडून मशीन लागलं की गावात बातमी होणार, आणि दुसऱ्या दिवशी शेतावरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटरी घेऊन चार जण दारात उभे राहणार. त्यांना सरळ वाइंडिंगवाल्याकडं पाठवा. आणि ड्रमातून धार आली की मिसेसना बाहेर बोलवा, पण त्याआधी प्रोपेलर काढलाय ना ते परत एकदा बघा.